बाळ असं का झालं? एका झोपेच्या गोळीची गोष्ट

पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा, पण वाचा. घरात कुणी गरोदर असेल तर जरूर वाचा.

परवा माळ्यावरची ट्रंक उघडली. पाणी झिरपलं होतं, म्हणून जुनी कात्रणं वाळत घालायला काढली. त्यात माझ्याच हातची एक बातमी निघाली. डिप्लोमा करून नुकताच एका पेपराला बातम्या पाठवायला लागलो होतो, तेव्हाची. मथळा असा: ‘तालुक्यात हात नसलेल्या बालकाचा जन्म, पाहण्यासाठी गर्दी’. चौदा ओळी. बाळाचं वजन आहे, वडिलांचं गाव आहे, गर्दी आवरायला पोलीस बोलवावे लागले तेही आहे. आईबद्दल एक शब्द नाही.

ती खोली मला आठवते. आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. सासू येईल त्याला सांगत होती, ‘‘गिराण पाळलं नाही हिनं. नको नको म्हणताना विळीवर बसली.’’ मी वहीत ‘ग्रहण’ असं लिहून घेतलं आणि बाहेर आलो. बातमीत ते घातलं नाही, एवढीच माझी पुरोगामी हुशारी. पण त्या बाईला मी काही विचारलंही नाही. दिवस गेल्यावर काय झालं होतं, कसली गोळी, कसलं इंजेक्शन, कसला काढा घेतला होता का, काहीच नाही. माझ्या डोक्यातच तो प्रश्न आला नाही.

आता मला माहीत आहे की दर शंभर बाळांमागे दोन-तीन बाळं काही ना काही मोठं व्यंग घेऊन जन्माला येतात. बहुतेक वेळा नेमकं कारण सापडत नाही, आणि औषधांमुळे होणारी व्यंगं त्यातला लहान वाटा आहेत. म्हणजे मी विचारलं असतं तरी उत्तर मिळालंच असतं असं नाही. पण एका माणसाने हा प्रश्न विचारला होता, घरोघर जाऊन विचारला होता, आणि त्यामुळे जगभरातला औषधांचा कायदा बदलला. त्याची गोष्ट आपल्याकडे नीट कुणी सांगत नाही, म्हणून ही पोस्ट.

गोष्ट जर्मनीची आहे, तेव्हाच्या पश्चिम जर्मनीची. दुसऱ्या महायुद्धातून देश नुकता उभा राहत होता आणि लोकांना झोप येत नव्हती. १ ऑक्टोबर १९५७ रोजी श्टोलबर्ग गावच्या ग्रुनेनथाल कंपनीने कॉन्टरगान नावाची झोपेची गोळी बाजारात आणली. आतलं औषध थॅलिडोमाइड. तोपर्यंतच्या झोपेच्या गोळ्या जास्त घेतल्या तर माणूस मरायचा. ही गोळी उंदरांना कितीही दिली तरी उंदीर मरेनात. कंपनीने याचा अर्थ लावला, पूर्ण निर्धोक. चिठ्ठीशिवाय मिळायची. पातळ औषधही निघालं होतं. ते पोरांना पाजून आईबाप सिनेमाला जायचे, म्हणून लोकांनी त्याला ‘सिनेमाचं सरबत’ असं नाव पाडलं होतं. गरोदर बायकांना सकाळच्या मळमळीवर, उलट्यांवर, झोप येत नाही म्हणून डॉक्टर हीच गोळी द्यायचे. उंदीर मरत नाही एवढ्या पुराव्यावर. पोटातल्या गर्भाचं काय होतं हे कुणी पाहिलेलं नव्हतं.

आणि इथे एक गोष्ट अंगावर येते. औषध बाजारात यायच्या जवळजवळ नऊ महिने आधी, १९५६ च्या नाताळात, त्याच कंपनीतल्या एका नोकरदाराला मुलगी झाली. तिला कान नव्हते. बापाने कंपनीतून आणलेली नव्या औषधाची गोळी बायकोला दिली होती. गोळी आणि मुलगी यांचा संबंध तेव्हा कुणी जोडला नाही.

पुढच्या चार वर्षांत जर्मनीत विचित्र बाळं जन्माला यायला लागली. खांद्यालाच पंजा फुटलेला, हात नाही. पाय आखूड. कान नाहीत. काहींच्या आतड्यात आणि हृदयात दोष, ती काही दिवसांतच जायची. डॉक्टरांनी आयुष्यात असं एखादंच बाळ पाहिलेलं असायचं, आणि आता एकेका दवाखान्यात चार-चार. कुणी म्हणालं अणुबाँबच्या चाचण्यांमुळे. कुणी म्हणालं घराण्यातच दोष. म्हणजे सासूबाईंचं ग्रहण वेगळं आणि तिथलं वेगळं, एवढाच फरक. आई मात्र दोन्हीकडे भिंतीकडे तोंड करून.

१९६१ च्या उन्हाळ्यात हँबुर्गचे बालरोगतज्ज्ञ विडुकिंड लेंझ यांच्याकडे एक वकील आला. त्याचं स्वतःचं बाळ असं होतं, आणि त्याच्या बहिणीचंही तसंच. ‘आमच्या घराण्यात असं कधीच नव्हतं, मग एकदम दोघांना कसं?’ हा त्याचा प्रश्न. लेंझ यांनी हे मनावर घेतलं. दोघं मिळून गाडीने गावोगाव अशा घरी जायला लागले. लेंझ आईसमोर बसायचे आणि विचारायचे. काय खाल्लं, कुठलं साबण-पावडर वापरलं, एक्स-रे काढला का, कुठली औषधं घेतली. काही बायकांनी पहिल्या वेळी कॉन्टरगानचं नावच घेतलं नाही. का? कारण त्यांच्या लेखी ते औषधच नव्हतं. झोपेची साधी गोळी, त्यात काय सांगायचं! लेंझ पुन्हा गेले, पुन्हा विचारलं. कपाटातून रिकाम्या बाटल्या निघाल्या.

आपल्याकडे हे असंच आहे हो. डॉक्टर विचारतात, काही औषध चालू आहे का? बाई म्हणते नाही. डोकेदुखीची गोळी, अंगावरचं पांढरं जावं म्हणून वैदूने दिलेली पुडी, पिंपलवर पार्लरवालीने सांगितलेली कॅप्सूल, हे सगळं तिच्या हिशेबात औषध नसतंच.

१५ नोव्हेंबर १९६१ रोजी लेंझ यांनी कंपनीला फोन केला आणि सांगितलं, औषध मागे घ्या. कंपनी तयार होईना. तीन दिवसांनी त्यांनी डॉक्टरांच्या एका सभेत हे उघड बोलून दाखवलं. सरकारी अधिकाऱ्यांसमोर बैठका झाल्या, वकिलांच्या धमक्या झाल्या. मग २६ नोव्हेंबरला, रविवारी, ‘वेल्ट आम झोनटाग’ या वृत्तपत्राने बातमी छापली, आणि त्यानंतर लगेच औषध बाजारातून निघालं. बातमीनंतर, हे लक्षात घ्या. शास्त्रज्ञाने सांगून जे होत नव्हतं ते एका रविवारच्या अंकाने झालं. आमच्या धंद्याबद्दल अभिमान वाटावा अशा जागा फार नाहीत, म्हणून ही सांगून ठेवतो.

त्याच वेळी ऑस्ट्रेलियात सिडनीचे प्रसूतितज्ज्ञ विल्यम मॅकब्राइड यांनाही हाच संशय आला होता. त्यांचं पत्र १६ डिसेंबर १९६१ च्या ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. या मॅकब्राइडचं पुढे काय झालं ते खाली सांगतो, कारण तो या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग आहे.

तोपर्यंत ही गोळी चाळीसहून जास्त देशांत गेली होती. दहा हजारांहून जास्त बाळं व्यंग घेऊन जन्मली असा अंदाज आहे, आणि त्यातली साधारण चाळीस टक्के जन्मताच किंवा लगेच गेली. न जन्मलेल्यांची मोजदाद नाही.

गोळी नेमकं काय करायची? गर्भ राहिल्यानंतर विसाव्या ते छत्तिसाव्या दिवसादरम्यान बाळाचे अवयव आखले जातात. आधी कान, मग हात, मग पाय. त्या दिवसांत घेतलेली एक गोळीसुद्धा पुरेशी होती. नेमक्या कुठल्या दिवशी घेतली यावर बाळाला काय नसेल ते ठरायचं. हे दिवस कुठले आहेत ते पाहा. पाळी चुकल्यावर आठ-पंधरा दिवस बाई वाट पाहते, नवऱ्याला सांगते, मग सासूला. तेवढ्यात ते दिवस येऊन निघूनही जातात. आपल्याकडे तिसरा महिना लागल्याशिवाय कुणाला सांगायचं नाही अशी रीत आहे. रीतीमागे दृष्ट लागायची भीती असेल, पण धोक्याचा काळ संपल्यावर सांगितलं जातं, हा त्याचा तोटा.

आता अमेरिका. तिथे ही गोळी अधिकृतपणे विकायला कधीच आली नाही, आणि त्याचं कारण एक बाई होती. फ्रान्सिस केल्सी. मूळच्या कॅनडाच्या. तरुणपणी नोकरीसाठी अर्ज केला, तेव्हा ‘फ्रान्सिस’ नाव पुरुषाचं समजून प्राध्यापकाने ‘प्रिय मिस्टर’ असं उत्तर धाडलं होतं. नाव नीट कळलं असतं तर नोकरी मिळाली असती की नाही अशी शंका त्यांनी पुढे स्वतःच बोलून दाखवली. तर या केल्सीबाई ऑगस्ट १९६० मध्ये अमेरिकेच्या औषध खात्यात लागल्या. पुढच्याच महिन्यात थॅलिडोमाइडचा अर्ज टेबलावर आला. वरिष्ठांना वाटलं सोपं काम आहे, नवीन बाईंना द्या. युरोपात धडाक्यात विकलं जाणारं औषध, साठ दिवसांत शिक्का मारायचा की झालं.

बाईंनी शिक्का मारला नाही. कागद अपुरे म्हणून परत पाठवले. कंपनीने पुन्हा पाठवले, यांनी पुन्हा परत. असं सहा वेळा. मध्येच त्यांनी एका ब्रिटिश नियतकालिकात डॉक्टरचं पत्र वाचलं की ही गोळी बरेच दिवस घेणाऱ्यांच्या हातापायांना मुंग्या येतात. मोठ्या माणसाच्या नसांवर परिणाम होतो, तर गर्भावर काय होतं ते दाखवा, असं त्यांनी विचारलं. कंपनीचे लोक सारखे फोन करायचे, भेटायला यायचे, वरिष्ठांकडे कागाळ्या करायचे, बाई हट्टी आहे म्हणून. सरकारी कचेरीत फाईल अडवून ठेवणाऱ्यांवर मी आयुष्यभर बातम्या केल्या. ही एक फाईल अडली याबद्दल मात्र कुणीही त्यांच्या पाया पडावं.

तरीसुद्धा ‘चाचणी’च्या नावाखाली कंपनीने अमेरिकेतल्या हजाराहून जास्त डॉक्टरांना पंचवीस लाखांवर गोळ्या वाटल्या होत्याच. तिथे सतरा बाळांची नोंद झाली. जुलै १९६२ मध्ये वॉशिंग्टन पोस्टने केल्सींची हकिगत पहिल्या पानावर छापली, ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींनी त्यांचा सत्कार केला आणि ऑक्टोबरमध्ये कायदा झाला. औषध निर्धोक आहे आणि गुणकारी आहे, हे दोन्ही कंपनीने आधी सिद्ध करायचं, मगच विकायचं. आज आपण जी गोळी घेतो तिच्यामागे चाचण्यांचा जो डोंगर असतो तो तिथून सुरू झाला.

पैशांचं काय झालं? जर्मनीत १९६८ साली खटला उभा राहिला आणि अडीच वर्षांनी शिक्षेशिवाय आटोपला. कंपनीने दहा कोटी मार्क द्यायचं ठरलं. इंग्लंडमध्ये ही गोळी विकणारी कंपनी मुळात दारूवाली. पालकांचे दावे दहा वर्षं कोर्टात पडून होते, आणि दावा चालू आहे म्हणून पेपरांनी लिहायचं नाही असा नियम. संडे टाइम्सचे संपादक हॅरॉल्ड इव्हान्स यांनी १९७२ साली तरीही मोहीम काढली. ही दारू कंपनी त्यांच्याच पेपरची मोठी जाहिरातदार होती. कोर्टाने एक लेख अडवला, तो वाद युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात गेला आणि १९७९ मध्ये पेपर जिंकला. पालकांना वाढीव पैसे आधीच मिळाले होते. दिवाळी अंकाची जाहिरात जाईल म्हणून ज्यांनी बातम्या खाल्ल्या, त्यात मीही आलो, त्यांनी हा इतिहास वाचावा. आणि जर्मन कंपनीने माफी कधी मागितली? २०१२ साली. पन्नास वर्षांनी.

‘हे सगळं गोऱ्या लोकांचं झालं, आपला काय संबंध?’ असं कुणी विचारेल. संबंध आहे.

पाळी चुकल्यावर ‘राहिलंय की नाही’ हे बघायला पूर्वी हार्मोनच्या जोरदार गोळ्या किंवा इंजेक्शन द्यायचे. पाळी आली तर गर्भ नाही, नाही आली तर आहे. आपल्या आयांच्या पिढीने हे घेतलेलं आहे, विचारून बघा. गर्भ पडावा म्हणूनही बायका ते घ्यायच्या, आणि तसा तो पडायचा नाही. १९६७ साली इंग्लंडमध्ये इझाबेल गाल या डॉक्टरबाईंनी व्यंग असलेल्या मुलांच्या आयांना विचारून, या चाचणीचा संबंध असावा अशी शंका मांडली. तो संबंध पक्का सिद्ध झाला का यावर आजही वाद आहे. पण लघवीची साधी तपासणी उपलब्ध असताना हा धोका पत्करायचं कारणच काय, हा प्रश्न होता. भारतात औषध नियंत्रकांनी १९८२ मध्ये बंदी घातली. कंपन्या हायकोर्टांतून स्थगिती घेऊन आल्या. औषध चालूच. महिला संघटना, आरोग्य कार्यकर्ते, मुंबईचे काही डॉक्टर भांडत राहिले, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, जाहीर सुनावण्या झाल्या, आणि १९८८ मध्ये बंदी झाली. मधली सहा वर्षं मेडिकलच्या दुकानात ते मिळत होतं.

आज काय चित्र आहे? गौरी-गणपतीच्या आधी कुठल्याही मेडिकलवर उभे राहा. ‘पाळी पुढं ढकलायची गोळी द्या.’ दुकानदार देतो, चिठ्ठी मागत नाही. ती त्याच हार्मोनच्या कुळातली. तिच्याने व्यंग होतंच असं मी म्हणत नाही. पण आधीच दिवस गेलेत का हे काउंटरवर कुणीही विचारत नाही, एवढं मी स्वतः पाहिलंय. त्याहून वाईट म्हणजे ‘मुलगा होण्याचं औषध’. दीड-दोन महिन्यांची असताना, गाईच्या दुधातून, पहाटे. नेमके तेच दिवस. हरियाणात यावर अभ्यास झाला, अशी औषधं घेतलेल्यांमध्ये व्यंगाचं प्रमाण जास्त आढळलं. आपल्याकडे ते देणाऱ्यांचे पत्ते बायका एकमेकींना कुजबुजून सांगतात. पिंपलवरची आयसोट्रेटिनॉइन, फिट्सवरचं व्हॅल्प्रोएट, रक्त पातळ करायची वॉरफरिन, बीपीच्या काही गोळ्या, ही सिद्ध झालेली धोक्याची नावं आहेत. व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या दहापैकी सुमारे एका आईच्या बाळात मोठं व्यंग आढळतं.

आता मॅकब्राइडकडे येतो. थॅलिडोमाइडचा धोका ओळखणारा हा माणूस जगप्रसिद्ध झाला. मग त्याने उलट्यांवरच्या दुसऱ्या एका औषधावर बोट ठेवलं. डॉक्सिलामिन आणि बी-६ जीवनसत्त्व यांची गोळी. खटल्यांचा एवढा भडिमार झाला की कंपनीने १९८३ मध्ये ती बंद केली. अभ्यासांत काही दोष सापडत नव्हता, तरी. पुढे मॅकब्राइड यांनी आपल्या प्रयोगांचे आकडे फिरवल्याचं सिद्ध झालं आणि १९९३ साली डॉक्टरांच्या यादीतून त्यांचं नाव कापलं गेलं. तीच गोळी अमेरिकेत २०१३ मध्ये परत आली. आपल्या गावातल्या डॉक्टरीणबाई उलट्यांवर आज हीच देतात.

हे सांगायचं कारण, मागच्या वर्षी आमच्या नात्यातल्या एका सुनेने दिवस गेल्यावर फिट्सची गोळी आपणहून बंद केली. मोबाईलवर कुणीतरी पाठवलं होतं, ‘गरोदरपणात सर्व इंग्रजी औषधे विष’. पाचव्या महिन्यात न्हाणीत फिट आली, डोकं दगडावर. दोघं वाचले, पण ते नशीब. फिट्स, टीबी, थायरॉइड, साखर, बीपी, यांच्या गोळ्या परस्पर बंद करणं हे परस्पर सुरू करण्याइतकंच घातक. बदलून द्या असं डॉक्टरांना म्हणा, तेही शक्यतो मूल हवंय असं ठरवाल तेव्हाच.

आणि एक गोळी तर घ्यायचीच आहे. फॉलिक ॲसिड. तिचं माहेर मुंबई आहे म्हटलं तर चालेल. १९२८ पासून ल्युसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टरबाई परळच्या हाफकिन संस्थेत काम करत होती. गिरण्यांत राबणाऱ्या बायका गरोदरपणात रक्त कमी होऊन मरत होत्या. ही बाई त्यांच्या खाण्यापिण्याच्या मागे लागली, आणि यीस्टच्या अर्काने त्या बऱ्या होतात हे तिने शोधलं. त्यातला गुणकारी भाग पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखला गेला. १९९१ च्या एका मोठ्या चाचणीत, आधी मणक्याचं व्यंग असलेलं मूल झालेल्या बायकांनी हे औषध गर्भ राहायच्या आधीपासून घेतलं, तर पुन्हा तसं व्हायचा धोका जवळजवळ तीन चतुर्थांश कमी झाला. ‘आधीपासून’ हा शब्द महत्त्वाचा. बाळाच्या पाठीच्या कण्याची नळी अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत मिटते. पाळी चुकल्याची खात्री होईपर्यंत ते काम झालेलं असतं. आशाताई ही गोळी फुकट देतात. आमच्या वॉर्डातल्या आशाताई म्हणतात, ‘‘दादा, बाई तिसऱ्या महिन्यात सांगायला येते, मी आधी कुणाला देऊ?’’

थॅलिडोमाइड मेलं का? नाही. १९६४ मध्ये जेरुसलेममध्ये डॉक्टर शेस्किन यांनी कुष्ठरोगाच्या वेदनांनी तळमळणाऱ्या रुग्णाला, झोप तरी लागू दे म्हणून, शिल्लक गोळी दिली, आणि गाठी बसायला लागल्या. आज कुष्ठरोगाच्या त्या त्रासावर आणि रक्ताच्या एका कॅन्सरवर ती वापरतात, कडक अटींवर. ब्राझीलमध्ये पाकिटावर पोटुशी बाई आणि तिच्यावर काट असं चित्र छापलं होतं. काही बायकांनी त्याचा अर्थ ‘ही घेतली की दिवस जात नाहीत’ असा घेतला. तिथे अशी बाळं पुन्हा जन्मली.

त्या कात्रणातल्या गावी मी परवा जाऊन आलो. घर बंद आहे, कुटुंब कामाला बाहेर गेलं ते परत आलं नाही म्हणतात. शेजारच्या म्हातारीला बाळ आठवत होतं. ‘‘आठ दिवस होतं बघा,’’ म्हणाली. आईचं नाव विचारलं तर तिला आठवेना. माझ्या वहीतही ते नव्हतं.

औषधाने काही विपरीत झालं असा संशय असेल, तर रुग्ण किंवा घरचे स्वतः कळवू शकतात. केंद्र सरकारचा टोल फ्री नंबर १८००-१८०-३०२४. गोळ्यांचं रिकामं पाकीट फेकू नका, त्यावरचा बॅच नंबर विचारतात.